मोर्चाच्या दिवशीचं स्वयंपाकघर

४ फेब्रुवारी

आई,

‘तीर्थरूप’ लिहावं की ‘माननीय’, हे ठरवताना दोन कागद वाया गेले. कोर्टाच्या हिशेबी मी आता तुमची कुणीच नाही. पण सात वर्षं ज्यांना आई म्हटलं, त्यांना एकदम ‘निवृत्त मुख्य स्वयंपाकीण’ असं लिहायला हात धजेना. म्हणून जिभेला सवय होती तेच लिहिलं. चालत नसेल तर तसं कळवा.

सोबत युनियनचं छापील पत्रक आहे. ते वाचालच, तरी थोडक्यात सांगते. आपलं रुग्णालय सरकार तीस वर्षांसाठी एका कंपनीच्या हवाली करणार आहे. सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरापासून. मार्चअखेर शेगड्या बंद होणार आणि जेवण बाहेरून बंद डब्यांतून येणार. मग धुलाईघर, मग रक्त तपासायची प्रयोगशाळा, मग आम्ही. आज कुणाचा पाय मोडला आणि त्याला चार जणांनी उचलून आणलं, तर आपण दारात काही विचारत नाही. उद्या त्याला आधी खिडकीपाशी थांबवून विचारतील की बाबा, तुझा खर्च कोण करणार. हे होऊ नये म्हणून चौदा मार्चला मोर्चा आहे. नर्सेस, वॉर्डातले मदतनीस, सफाईवाले, शिकाऊ डॉक्टर, शिवाय बसचालकांची आणि वीज कामगारांची युनियनसुद्धा येणार आहे. आपल्या फाटकापासून आरोग्य खात्याच्या कचेरीपर्यंत, सहा किलोमीटर.

निवृत्त लोकांना पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर वाचता येतं. यादीत अठ्ठ्याऐंशी नावं आहेत. सत्तेचाळिसावं तुमचं. त्यापुढे कुणीतरी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. ही कसली फुली, म्हणून विचारलं तर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मी ती खोडून टाकली.

तर हे बोलावणं. याल का? बसने यावं लागेल, सहा तासांचा रस्ता आहे, सगळं मला माहीत आहे. तरी विचारते.

मी अजून हाडांच्या वॉर्डातच आहे. सव्वीस खाटा, त्यातल्या अकरा जणांचे पाय वर टांगलेले.

उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर नका देऊ. मी समजून घेईन.

तुमची
(पुढे काय लिहायचं ते सुचत नाही) हाडांच्या वॉर्डातली


११ फेब्रुवारी

पोरी,

पत्र पोचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. आई चालतं. दुसरं काही लिहिलं असतंस तर पाकीट तसंच परत धाडलं असतं.

ती फुली मात्र तू खोडायला नको होतीस. ज्याने मारली त्याने विचार करून मारली होती. तू तेव्हा शाळेत असशील, आणि घरात मी हा विषय कधी काढला नाही, म्हणून आता सांगते.

बावीस वर्षांपूर्वी असाच संप झाला होता. स्वयंपाकघरातल्या आम्ही नऊ जणी पहिल्या दिवशी फाटकाबाहेर बसलो. मीही बसले, घोषणा दिल्या, घसा बसला. दुपारी भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या खिडकीत एक बाई येऊन उभी राहिली. तिचे दोन्ही हात बांधलेले होते. ती नुसती आमच्याकडे बघत होती. जेवणाची वेळ टळून गेली होती. त्या खिडकीकडे बघू नका, असं आमच्यातल्या एकीने सांगितलं. मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दाराने आत गेले आणि शेगडी पेटवली. पुढचे दहा दिवस मी एकटीने दोनशे माणसांचा पातळ भात आणि दूध काढलं. अकराव्या दिवशी संप मोडला. ‘रुग्णालय सुरळीत चालू आहे, स्वयंपाकघरही चालू आहे,’ असं साहेबांनी वर्तमानपत्रात छापून आणलं होतं. धुलाईघरातली कडकबाई तेव्हा युनियनची प्रमुख होती. (खळ घालून घालून तीही तशीच झाली होती, म्हणून हे नाव.) तिला आठ महिने घरी बसवलं. तिची बढती गेली ती गेलीच. त्यानंतर एकोणीस वर्षं आम्ही एकाच आवारात काम केलं, आणि ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्या निरोपाला तीन खुर्च्या भरल्या होत्या. त्यातल्या एकीवर मी होते.

मी चूक केली की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या बाईला जेवू घातलं याचं वाईट वाटत नाही. कडकबाईचं वाईट वाटतं. दोन्ही एकदम वाटतं.

तेव्हा माझं नाव काढून टाक. संप मोडलेली बाई मोर्चात चालली तर लोक माझ्याकडे बघतील, फलकांकडे नाही.

तू जेवतेस ना वेळेवर? तुला उभ्याने खायची सवय होती. फोन करू नकोस, पत्र बरं.

आई


१५ फेब्रुवारी

आई,

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं, उभ्यानेच.

नाव काढणार नाही. पण आज मला दुसरंच काही लिहायचं आहे. ते लिहिलं नाही तर यापुढची सगळी पत्रं खोटी होतील.

फोन करू नकोस, असं तुम्ही लिहिलंत. आई, मी चार वेळा फोन केला होता. कोर्टाचं सगळं संपल्यावर पहिल्या दोन महिन्यांत. चारही वेळा तुम्हीच उचललात. मी ‘आई, मी बोलतेय’ म्हटलं, आणि तुम्ही ‘चुकीचा नंबर’ म्हणून ठेवून दिलात. पाचव्यांदा करायची माझी हिंमत झाली नाही.

आणि वकिलाच्या खोलीतला तो दिवस. आपण पाच जण टेबलाभोवती बसलो होतो. तुमचा मुलगा म्हणाला, ‘आईचंही हेच म्हणणं आहे, हिने घरापेक्षा दवाखाना मोठा मानला.’ मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवलीत. त्याने सोडून जायचं ठरवलं होतं, ते मी पचवलं असतं. पण ज्या बाईने मला वॉर्डात काम करताना बघून, आपणहून मागणी घातली, तिनेच मान हलवली. मी दिसेल तिथे सह्या केल्या आणि थेट दुपारच्या पाळीला गेले.

हे मी रागाने लिहीत नाही. होता तो राग कधीच विरला. नुसतं कळून घ्यायचं आहे, की मी खरंच तसं केलं होतं का. तुम्हाला तसं वाटत होतं का.

राहिली मोर्चाची गोष्ट. तुमच्या त्या खिडकीतल्या बाईने माझीही झोप घालवली आहे. माझ्या वॉर्डात अकरा जण पलंगाला बांधल्यासारखे पडून आहेत. त्यांना लघवीचं भांडं द्यायला, पाठ पुसायला, पाणी पाजायला कुणीतरी लागतं. निम्मे मोर्चात आणि निम्मे कामावर, असा बेत आहे. पण निम्म्यांनी काम चालतं असं दिसलं, तर सरकार म्हणेल, मग उरलेले निम्मे कशाला हवेत. सगळे गेलो तर माणसांचे हाल. परवाच्या बैठकीत यावरून दोन तास भांडण झालं. सात नंबरच्या खाटेवर एक बसचालक आहे, मांडीचं हाड मोडलेला. तो म्हणाला, ‘तुम्ही खुशाल जा ताई, फक्त भांडं हाताशी ठेवून जा.’ सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

हाडांच्या वॉर्डातली


२६ फेब्रुवारी

पोरी,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसले आणि उठले. कुणाजवळ बोलले नाही ते लिहायचं आहे.

मला ऐकू येत नाही.

एकदम नाही, हळूहळू गेलं. एकतीस वर्षं वाफेच्या त्या मोठ्या भांड्यांच्या आणि भिंतीतल्या पंख्याच्या घरघरीत काढली, त्यानेच झालं असणार. निवृत्तीच्या आधीच उजवा कान गेला होता. आता डाव्याने समोरासमोर, शांत खोलीत, कुणी सावकाश बोललं तर कळतं. म्हातारी बहिरी झाली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी एक युक्ती काढली. लोकांच्या तोंडाकडे बघायचं, आणि ते बोलायचे थांबले की मान हलवायची. शंभरातल्या नव्वद वेळा चालून जातं.

त्या दिवशी वकिलाच्या खोलीत डोक्यावर पंखा होता. मुलगा माझ्या उजव्या बाजूला बसला होता. तो काय म्हणाला, ते मला आज तुझ्या पत्रातून कळलं. दीड वर्षाने. तो बोलायचा थांबला, सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी मान हलवली. मला वाटलं, चहा घेणार का विचारतोय.

मग तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी विसरले नाही. मला वाटलं, तू माझा राग करतेस, मुलाच्या बाजूने येऊन बसले म्हणून. तू काही न बोलता गेलीस, तेव्हा मनाशी म्हटलं, बरोबर आहे तिचं.

तू घरापेक्षा दवाखाना मोठा मानलास की नाही, ते मला माहीत नाही. मानला असशील तर मीही मानला होता, आणि माझ्या घरच्यांनी एकतीस वर्षं माझा पगार गोड मानून घेतला. असलं वाक्य माझ्या तोंडी घालायला त्याने मला विचारलं नव्हतं. विचारलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

फोनवर मला नुसती खरखर येते. मी सगळ्यांनाच चुकीचा नंबर म्हणते. बँकेलाही म्हटलं, माझ्या सख्ख्या भावालाही म्हटलं. तुझे चार त्यातलेच. तुझा फोन असेल असं मनातही आलं नाही, नाहीतर खरखर ऐकत तासभर धरून बसले असते.

एवढंच. पुढचं लिहायला सोपं आहे.

तू विचारलंस, मी काय केलं असतं. मी ते केलंच आहे आणि त्यात माणसं तोडली. या खेपेला निराळं करावं. तुमच्या यादीत अठ्ठ्याऐंशी निवृत्त आहेत. तुम्ही त्यांना चालायला बोलावता. आमचे गुडघे सहा किलोमीटरचे राहिलेले नाहीत, फाटकापासून पहिल्या चौकापर्यंत जाऊन आम्ही खाली बसू. पण काम आम्हाला अजून येतं. भांडं द्यायला, पाठ पुसायला, पट्टी बदलायला, दोनशे माणसांचं रांधायला काही नव्याने शिकावं लागणार नाही. त्या दिवसापुरतं रुग्णालय आमच्या ताब्यात द्या. तुम्ही झाडून सगळ्या जा. सरकारला कळू दे, की तुमच्यातलं कुणीही जास्तीचं नाही, आणि कुणाचे हालही होऊ देत नाही.

माझं नाव पुढे करू नकोस. कडकबाई ऐकेल तर उठून जाईल.

आई


३ मार्च

आई,

तुमचं पत्र वाचून मी औषधांच्या खोलीत जाऊन बसले. आमच्या मोठ्या सिस्टर शोधत आल्या. काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मला दीड वर्षापूर्वीच्या एका गोष्टीचं आज कळलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि बाहेर सांगितलं की मी औषधं मोजतेय.

आई, चहा घेणार का. माझं सगळं जग त्या मान हलवण्यावर उलटं झालं, आणि तुम्हाला वाटलं चहा. मी रडले आणि मग हसलेसुद्धा. तुमच्यावर नाही. आपल्या दोघींवर.

मीही काही कमी नाही. सात वर्षं एका घरात राहिले, नर्स आहे, आणि माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही रेडिओ मोठ्याने लावायचात, मला वाटायचं तुम्हाला आवडतो म्हणून.

आता बातमी. काल बैठकीत मी तुमचा बेत मांडला. नाव सांगितलं नाही. सगळे एकदम बोलायला लागले. अधीक्षक नको म्हणतील, कुणाला काही झालं तर जबाबदार कोण, म्हाताऱ्या माणसांना हे झेपेल का. शेवटी दोन शिकाऊ डॉक्टर, अतिदक्षता विभाग आणि अपघात विभागातले लोक आत राहतील, बाकी वॉर्ड आणि स्वयंपाकघर निवृत्तांकडे, असं ठरलं. अधीक्षकांना बोलावून सांगितलं, तर त्यांनी ‘मला यातलं काही माहीत नाही’ असं तीनदा म्हटलं, आणि जाताना विचारलं की निवृत्तांना चहा कुठून देणार आहात.

मग कडकबाई उठल्या. निवृत्त झाल्या तरी बैठक चुकवत नाहीत. आता काठी घेऊन चालतात, पण परीटघडी तशीच. म्हणाल्या, ‘ही कल्पना कुणाची?’ मला खोटं बोलता आलं नाही. तुमचं नाव घेतलं. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, ‘स्वयंपाकघर कुणीतरी सांभाळायलाच हवं,’ आणि बसल्या. याचा अर्थ काय घ्यायचा ते तुम्ही ठरवा, तुम्ही त्यांना जास्त ओळखता.

तर या. तेरा तारखेच्या दुपारच्या बसने. निवृत्तांची सोय नर्सेसच्या वसतिगृहात केली आहे. माझ्या खोलीत राहा म्हटलं असतं, पण मी फलक, गाड्या आणि पोलिसांची परवानगी यातच असेन. मोर्चा आटोपला की संध्याकाळी आपण शांत खोलीत, समोरासमोर बसू. मी सावकाश बोलेन.

हाडांच्या वॉर्डातली


७ मार्च

पोरी,

येते. बसचं तिकीट काढलं.

स्वयंपाकघरातल्या मुलींना सांग, मोठी पळी जागेवर ठेवा, डाव्या हाताच्या खिळ्याला. बिनमिठाच्या रुग्णांची यादी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. साखरेवाल्यांची निराळी. दूध किती लिटर येतं ते मला कुणी तोंडी सांगू नये, कागदावर द्यावं.

मुलाला यातलं काही कळवलेलं नाही. तुझ्या पत्रातलंही नाही. आधी चौदा तारीख पार पडू दे.

आई


१७ मार्च

पोरी,

संध्याकाळी तुझी वाट बघितली. तुम्हाला चाळीस जणींना पोलिसांनी नेलं, हे साडेपाचला कळलं. मी थांबणार होते, पण आमची सगळ्यांची परतीची गाडी ठरलेली होती आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी सोडणार असं वकिलांनी लिहून दाखवलं, म्हणून निघाले. तुला काही लागलं नाही ना, ते पहिलं लिही.

तू इथलं काही बघितलं नाहीस, म्हणून सांगते.

आम्ही एकोणतीस जण होतो. सगळ्यांत मोठा एक जुना प्लास्टर घालणारा, वय एक्क्याऐंशी. त्याचा हात थरथरतो, पण तुझ्या वॉर्डात जाऊन त्याने प्रत्येकाच्या प्लास्टरला नावं ठेवली. ‘आमच्या वेळी असं ओबडधोबड नव्हतं.’ तुझ्या सात नंबरवाल्या बसचालकाने हट्ट धरला की मला चालता येत नाही, पण माझा पाय टांगलेला आहे, तर त्याला निदान एक फलक टांगा. टांगला. दोन निवृत्त सिस्टर दिवसभर वॉर्डात होत्या. भांडं एकाही माणसाला मागावं लागलं नाही. हे तू विचारायच्या आधी सांगते.

स्वयंपाकघरात आम्ही चौघी. दोनशे चौदा रुग्ण. सकाळी दूध, पाव आणि अंडी निघाली, ती ठीक. दुपारच्या भाताला पहिलं मोठं भांडं चढवलं आणि माझ्या लक्षात आलं की वाफेची शिट्टी मला ऐकू येत नाही. पूर्वी मी कानाने स्वयंपाक करायची. आता झाकणावर हात ठेवून बघत होते. बटाटे सोलायला माणूस कमी पडत होता.

अकराच्या सुमाराला दारात काठी दिसली. कडकबाई. मोर्चात पहिल्या चौकापर्यंत जाऊन परत फिरली होती. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. पंखा चालू होता, शेगड्या पेटलेल्या. मला एक अक्षर कळलं नाही. मान अर्धी हलली होती, ती मी थांबवली.

म्हटलं, ‘मला ऐकू येत नाही. जवळ येऊन बोल.’

बाकीच्या तिघींनी हातातलं काम सोडून माझ्याकडे बघितलं. हे मी पहिल्यांदाच माणसांसमोर म्हणत होते. कडकबाई काठी टेकत आली, माझ्या डाव्या कानाशी वाकली आणि ओरडली, ‘सुरी कुठे आहे, म्हणून विचारतेय.’

सुरी दिली. ती स्टुलावर बसली आणि दोन वाजेपर्यंत बटाटे सोलले. साली जाड काढते, निम्मा बटाटा सालीबरोबर जातो, पण मी काही बोलले नाही. शेवटचं ताट गेल्यावर मी तिला वाटीभर सूप दिलं. तिने ते घेतलं. मग पुन्हा कानाशी येऊन म्हणाली, ‘बावीस वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या.’ मी म्हटलं, ‘त्याही ऐकू आल्या नाहीत.’ ती हसली. मला वाटतं हसली. तिचं तोंड तसं ओळखू येत नाही.

माफी कुणीच मागितली नाही. निघताना तिने माझी पिशवी बसपर्यंत धरली, काठीच्या हातात.

आई


२० मार्च

आई,

मला काही लागलं नाही. दंडावर एक निळा डाग आहे, तोही गाडीत चढताना मीच आपटून घेतला. आम्हाला एका शाळेच्या सभागृहात ठेवलं होतं आणि सकाळी सोडलं. सभागृहातल्या बाकांवर लहान मुलांनी कोरलेली नावं वाचत बसलो. सोडताना एक पोलीस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की त्याच्या आईचा खुबा आपल्याच वॉर्डात बसवला होता.

तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. सकाळी फाटकातून निघताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होते. तुम्ही दिसलात. मी ओरडले, ‘आई.’ मग आठवलं की उपयोग नाही. म्हणून मी रांग सोडून बाजूला उभी राहिले आणि हातातला फलक हलवत राहिले. मागचे लोक पुढे निघून गेले. तुम्ही पळीतलं काहीतरी चाखत होतात, तोंड वाकडं केलंत, मीठ टाकलंत, पुन्हा चाखलंत. मग वर बघितलंत. पळी उंच केलीत. मला गर्दीत पुन्हा माझी जागा शोधायला पाव किलोमीटर पळावं लागलं.

आम्ही नऊ हजार होतो म्हणतात. मला मोजता येत नाही, पण पुढचं टोक कचेरीला पोचलं तेव्हा मागचं अजून फाटकात होतं. बसचालकांनी बस रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या आणि उतरून आमच्याबरोबर चालले. एका गच्चीवरून एक माणूस कुबडी हलवत होता. आमच्या सिस्टरनी त्याला नावानिशी ओळखलं, आणि कोणता पाय तेही सांगितलं. कचेरीतून कुणी खाली येईना, म्हणून आम्ही रस्त्यावर बसलो. बाकी तुम्हाला माहीतच आहे.

आठ महिने घरी बसण्याची तयारी मी मनाशी केली आहे. कडकबाईंनी केलं, मलाही जमेल.

त्या काल वॉर्डात आल्या होत्या. तुमचा पत्ता मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

तुमची, आणि आता पुढे काही लिहायची गरज वाटत नाही


९ एप्रिल

आई,

सरकारचं पत्र आलं. रुग्णालय कंपनीला द्यायचा निर्णय ‘पुढील विचारापर्यंत’ थांबवला आहे. स्वयंपाकघर राहतंय. प्रयोगशाळा राहतेय. धुलाईघर मात्र गेलं. पहिल्या तारखेपासून चादरी बाहेर जातात. कडकबाई दाराशी उभ्या राहून पहिली गाडी भरताना बघत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. म्हणाल्या, ‘घडी बघ कशी घातली आहे.’ वकील म्हणतात, धुलाईघरासाठी अजून लढता येईल. लढू.

त्याच पाकिटात दुसरं पत्र होतं. प्रशासकीय कारणास्तव बारा जणांची बदली. त्यात मी आहे. घरी बसवलं नाही, लांब पाठवलं. तीन ठिकाणं दिली आहेत, आठ दिवसांत एक निवडायचं. दोन ठिकाणी मी कधी गेलेली नाही. तिसरं म्हणजे तुमच्या गावातलं आरोग्य केंद्र. सहा खाटा, एक डॉक्टर, तोही आठवड्यातून चार दिवस.

हाडांचा वॉर्ड सोडताना जीव कासावीस होणार आहे. सात नंबरवाल्याचा पाय खाली उतरला. परवा तो कुबड्यांवर दारापर्यंत चालत आला, आणि मी नसेन हे कळल्यावर पुन्हा खाटेवर जाऊन बसला.

तर विचारायचं असं, की मी तुमच्या गावी आले तर तुम्हाला अवघड होईल का? मुलगा येतो-जातो, लोक बोलतात. मी खोली वेगळी बघेन. नको असेल तर स्पष्ट लिहा, मी दुसरं ठिकाण निवडेन आणि पत्रं लिहीतच राहीन.

मी


१४ एप्रिल

पोरी,

वेगळी खोली बघायची नाही. माझ्याकडे दोन आहेत. दुसरीत नुसते कांदे आणि जुने पेपर पडलेले असतात, ते हलवते.

मुलाला मी सविस्तर पत्र लिहिलं. त्या दिवशी त्याने माझ्या नावाने काय सांगितलं, ते मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तर मान हलवली नसती, असं स्पष्ट लिहिलं. तू इथे राहायला येणार, हेही लिहिलं. त्याचं उत्तर अजून नाही. तो माझा मुलगा आहे, आज ना उद्या येईल. आला की जेवायला वाढीन. पण त्याच्या सोयीने मी माझं घर ठेवणार नाही.

कडकबाईचं पत्र आलं. चार ओळी. बटाटे फुकट घालवले म्हणून मी मनात म्हटलं असेन, ते तिला ठाऊक आहे म्हणते. मे महिन्यात आठ दिवस येऊ का, असं विचारलं आहे. ये म्हणून कळवलं.

इथल्या आरोग्य केंद्राचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं आणि तिथली परिचारिका निवृत्त होऊन वर्ष झालं. लोक ताप अंगावर काढतात. तू येतेस हे दुकानात सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत तीन बाया माझ्या दारात आपापली दुखणी घेऊन. त्यांना म्हटलं, आधी तिला पोचू तरी द्या.

खालच्या शेजारणीने विचारलं, कोण येतंय. मी म्हटलं, आमच्या रुग्णालयातली आहे. ती म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, बदली सरकारच्या हातात आहे, खोली माझ्या.

शनिवारी सकाळी रंगारी येतोय. भिंतींना कोणता रंग हवा ते लगेच कळव. नाहीतर तो पांढरा देऊन मोकळा होईल, आणि तुला वाटेल अजून वॉर्डातच झोपलेय.

आई